बत्तिसाच्या घरातली चिप

ही गोष्ट २०३८ सालची. त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन कडक झालं, म्हणून आम्ही तारकांची खोकी नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर काढली.

तारका म्हणजे आमचा घरगुती संगणक. आता तो कुणाला आठवत नाही. १९८४ पासून पाच-सहा वर्षं सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात तो बनत असे. सगळं यंत्र की-बोर्डाच्याच खोक्यात असायचं. ते टीव्हीला जोडायचं, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेट लावून प्रोग्राम चढवायचा. चढताना किर्रर्र असा आवाज यायचा. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अगं, टेप खातोय तो, बंद कर!" मी त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. तयार झालेली प्रत्येक तारका पहिल्यांदा उजळायची ती माझ्यासमोर. सोल्डर वितळताना राळेचा जो वास येतो, तो त्या काळी माझ्या पदराला कायम असे.

कारखाना बंद पडल्यावर मी एका पॉलिटेक्निकात नोकरी केली आणि तिथून निवृत्त झाल्यावर मला जुन्या तारका जमवायचा नाद लागला. भंगाराच्या दुकानात, शाळांच्या माळ्यावर, कुणाकुणाच्या पलंगाखाली त्या सापडायच्या. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या घरी जमायचो. एक मी, दुसरे मुस्तफाभाई, ज्यांचं मेन रोडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिसरे दिगंबर देवरे. देवरे त्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर. तारकेचा आराखडा त्यांनीच काढलेला. मी त्यांना देवरेसाहेब म्हणायची, ते मला खैरनारबाई. एवढ्या वर्षांत त्यात काही बदल झाला नाही.

फुगलेले कॅपॅसिटर काढून नवे लावायचे, टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, की-बोर्डाची बटणं कोमट पाण्यात भिजत घालायची, अशी कामं असत. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं. त्याला ब्यूटी पार्लरमधलं केस रंगवायचं क्रीम फासून, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं की दोन-तीन दिवसांत ते पुन्हा पांढरं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कासारबाई एकदा विचारत होत्या, "काय हो, यंदा पापड चौकोनी लाटले का?"

देवरे आणि माझ्यात आणखी एक गोष्ट होती.

१९८६ साली दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या शीतगृहाला स्वस्तातला पहारेकरी हवा होता. थंडीसाठी जो अमोनिया फिरवतात त्याचा दाब वाढला की घंटा वाजवील, असं काहीतरी. देवरेंनी तिथे एक तारका बसवली. घंटेची तार आत घ्यायला खोक्याच्या बाजूला भोक पाडलं. वीज गेली तरी मेमरी पुसू नये म्हणून बॅटरी जोडली. दाब एका ठरावीक आकड्यावर गेला की घंटा होणार. तो आकडा मेमरीत एका जागी लिहून ठेवलेला असे. माझा नवरा प्रभाकर तिथेच कंप्रेसरवर ऑपरेटर होता.

१९९० च्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, पाइपाचा सांधा फुटला. घंटा वाजलीच नाही. तीन माणसं गेली. प्रभाकर त्यांतला एक. आमची रेवती तेव्हा चार वर्षांची होती.

कोर्टात देवरे म्हणाले, "मी आकडा दोनशे आठ पौंड ठेवला होता. घंटा सारखी वाजते, काम थांबतं, म्हणून नंतर कुणीतरी तो वाढवला." शीतगृहाचा मॅनेजर म्हणाला, "पहिल्या दिवसापासून दोनशे चाळीसच होता. साहेबांनीच टाकलेला." सांधा फुटला तेव्हा दाब दोनशे तीसच्या आसपास होता. म्हणजे आकडा दोनशे आठ असता तर घंटा आधीच झाली असती आणि माणसं बाहेर पडली असती. पंचनामा होईपर्यंत कुणीतरी बॅटरी काढून ठेवली होती, त्यामुळे मेमरी कोरी. प्रोग्रामची कॅसेट सापडली नाही. देवरेंना दीड वर्षाची शिक्षा झाली.

सुटल्यावर ते माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, आकडा मी दोनशे आठच टाकला होता."

मी म्हटलं, "आत या. चहा टाकते."

पुढे त्यांनी तो विषय माझ्याकडे काढला नाही. मीही काढला नाही. ते येत राहिले. प्रभाकरबद्दल माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नातेवाईक नाव काढायचं टाळायचे. देवरे मात्र सहज म्हणायचे, "प्रभाकरला भेळेत कैरी लागायची," आणि मी भेळेत कैरी घालायची.

कोर्टाच्या कोठारात पडलेलं ते यंत्र पुढे केव्हातरी लिलावात निघालं आणि फिरत फिरत भंगारात आलं. २०२३ साली देवरेंना ते दिसलं. रविवारी ते पिशवीतून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं. बाजूला भोक होतं.

"ओळखलंत?"

"हो."

मी कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि पुसायला बसले. मुस्तफाभाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. एरवी त्यांचं तोंड बंद नसे. 

यंत्र चालू झालं तेव्हा देवरे म्हणाले, "याची सोयरीक तुमच्या तारकेशी करू या का?"

सोयरीक ही आमची पद्धत. मेलेलं यंत्र दुरुस्त करताना कुठली मेमरी चिप बिघडली आहे हे कळावं म्हणून चालत्या यंत्रातली चिप त्यात लावून बघतात. कारखान्यात आम्ही तेच करायचो. पुढे तो आमचा रिवाजच झाला. एखादी तारका उठून बसली की तिची एक चिप दुसऱ्या कुणाच्या तारकेत घालायची, त्या तारकेतली एक हिच्यात, आणि पेढे वाटायचे. कुणाची कुठल्या जागी गेली हे कुणी लक्षात ठेवत नसे. चिप सगळ्या सारख्याच. माझी तारका मी १९८५ साली स्वतः सोल्डर केलेली. तिच्यातली एक चिप मी काढून दिली आणि त्या भोकाच्या यंत्रातली तिच्यात बसवली. देवरेंचे डोळे भरून आले. मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

त्यानंतर तेरा-चौदा वर्षं काहीच झालं नाही.

मग झीजवाचक आला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. शमा अत्तार नावाच्या मुलीनं तो बनवला. मुलगी म्हणते, पण चाळिशीची असेल. त्याच्या मागचं शास्त्र समजायला अवघड नाही. जुन्या मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात दोन इवले स्विच समोरासमोर असतात. एक चालू असला की दुसरा बंद. डावा चालू म्हणजे 'आहे', उजवा चालू म्हणजे 'नाही'. वीज गेली की दोन्ही मोकळे होतात आणि आपण म्हणतो, मेमरी पुसली गेली. पण रोज एकाच खांद्यावर पिशवी घेणाऱ्या बाईचा तो खांदा हळूहळू उतरतो, पिशवी खाली ठेवली तरी उतरलेलाच राहतो. स्विचचंही तसंच. वर्षानुवर्षं जो चालू होता तो किंचित झिजतो. पुन्हा वीज दिली की रिकामा कप्पा कुठल्या तरी बाजूला कलतो, आणि तो कल या झिजेवर ठरतो.

शमाची युक्ती अशी की चिप खूप थंड करायची आणि हजारो वेळा वीज देऊन, काढून, प्रत्येक कप्पा कुठे कलतो ते बघायचं. त्यातून त्या मेमरीत सगळ्यांत जास्त काळ काय बसलं होतं ते उमटतं. काल काय होतं ते नाही कळत. शेवटच्या दिवशी काय होतं तेही नाही. दीर्घकाळ मुक्कामाला काय होतं, तेवढंच.

वर्षभरात लोक काय काय घेऊन पुण्याला जाऊ लागले. जुने वजनकाटे, लिफ्टचे पॅनल, गेलेल्या माणसांच्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या. एका गावातल्या दूध संकलन केंद्राच्या यंत्रात वीस वर्षं फॅटचा आकडा कमी दाखवायची सोय केलेली निघाली आणि तिथे मारामाऱ्या झाल्या. आमच्या नादाचंही रूप बदललं. जमवणारे लोक यंत्रं लावेनासे झाले. लावलं तर नवी झीज जुन्यावर चढेल ही भीती. ज्या तारका आम्ही चालवण्यासाठी उठवत होतो, त्या लोक फ्रीजमध्ये ठेवू लागले.

"कल को मेरे को भी फ्रीज में रखेंगे," मुस्तफाभाई म्हणाले. "देखेंगे, बुड्ढा सबसे ज्यादा क्या सोचता था."

"काय निघेल?" देवरेंनी विचारलं.

"बीवी की गालियाँ. और क्या?"

मार्चमध्ये रेवती आली. ती पुण्यात वकिली करते. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, ते भोकाचं मशीन अजून आहे ना?"

"आहे."

"मी डॉ. अत्तारांशी बोललेय. त्या घ्यायला तयार आहेत. बाबांचं एकदा काय ते होऊन जाऊ दे."

रेवतीनं देवरेंना कधी घरात सहन केलं नव्हतं. कॉलेजात असताना एकदा ते बसलेले असताना ती बाहेरून आली आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली होती, "माझ्या बापाला मारून इथे पोहे खाता, लाज नाही वाटत?" देवरे बशी ठेवून उठले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, रेवती घरात नसेल अशी वेळ बघून.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं. "आकडा कुणाचा होता?"

"त्यांचाच. चुकून पडला असेल. टेबलावर मी रोज बघत होते, आकडा टाकताना बोट कसं घसरतं ते."

"आणि तरी त्याला चहा पाजतेस?"

"माणूस आहे. चुकला."

"हे त्याला सांगितलंयस कधी?"

"कशाला सांगायचं?"

ती म्हणाली, "तू ना आई, दगड आहेस."

मी दगड नव्हते. मी त्यांना माफ केलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले त्या दिवशीच. प्रभाकर गेल्यावर माझ्यात जे काही उरलं होतं, त्यातलं बहुतेक त्या माफीला लागलं. नंतर मला फारसा कशाचा राग येत नसे, आनंदही बेताचाच होई. देवरे खोटं बोलतात असंही मला वाटत नव्हतं. चूक इतकी मोठी असली की माणूस ती आठवणीत ठेवू शकत नाही, असं मी धरलं होतं.

देवरेंना कळलं तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा.

"बाई, चार वर्षं तो आकडा एकाच जागी बसून होता. जाईल कुठे?"

"जाऊ या पुण्याला," मी म्हटलं.

प्रयोगशाळेत आम्हाला काचेच्या अलीकडे बसवलं. शमानं देवरेंना त्या आकड्याचा मेमरीतला पत्ता विचारला. तो त्यांना पाठ होता. संध्याकाळी तिनं आम्हाला आत बोलावलं.

"आजी, या यंत्रातली एक चिप या यंत्राची नाही," ती म्हणाली. "सात चिप एकमेकींशी जुळतात. आठवीत भलतंच आहे." तिनं पडद्यावर दाखवलं. ठिपक्यांची रांगोळी होती.

ती माझी. १९८५ साली मी तो प्रोग्राम लिहिला होता. माझी तारका लावली की आधी रांगोळी यायची. प्रभाकर संध्याकाळी यंत्र लावून ठेवायचा, काही करायचं नसलं तरी. घर बरं वाटतं म्हणायचा.

"ही आमची सोयरीक," देवरे हळूच म्हणाले.

इथे थोडं समजावून सांगते. तारकेत आठ मेमरी चिप एका रांगेत असत. कुठलीही संख्या साठवायची तर तिचे आठ तुकडे होत आणि प्रत्येक चिपकडे एक तुकडा जाई. रांगेतल्या घरांना किमती होत्या: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ज्या घरात 'आहे', त्यांची बेरीज म्हणजे ती संख्या. शमाला १२८ च्या घरात 'आहे' मिळालं, ६४ च्या घरात 'आहे', १६ च्या घरात 'आहे', आणि खालच्या चारांत 'नाही'. बेरीज दोनशे आठ. पण बत्तिसाच्या घरात माझी चिप होती. मूळच्या चिपमध्ये 'नाही' असेल तर दोनशे आठ. 'आहे' असेल तर दोनशे चाळीस.

"म्हणजे काहीच कळलं नाही," रेवती म्हणाली.

"मूळची चिप कुठे आहे?" शमानं विचारलं.

"माझ्या तारकेत," मी म्हटलं. "कुठल्या घरात ते आठवत नाही. आठही आणाव्या लागतील."

शमा म्हणाली, "आजी, या चिप पन्नास वर्षांच्या आहेत. इतक्या थंडीत काही तडकतात. तुमचं यंत्र परत चालेल याची खात्री मी देत नाही. नीट विचार करा."

नाशिकला आल्यावर दुसऱ्या दिवशी देवरे आले. चहाला नको म्हणाले.

"बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी मी काही बोलणार नाही. ते यंत्र तुमचं आणि प्रभाकरचं आहे."

"तुम्हाला काय हवंय?"

"मला मरायच्या आधी तो आकडा बघायचाय." मग म्हणाले, "तुमच्यासाठी नाही. तुमचा माझ्यावर विश्वास आहे, ते मला ठाऊक आहे. रेवतीसाठी. आणि माझ्यासाठी."

मी त्यावर काही बोलले नाही. बोलता आलं असतं. मी पक्कड आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तारकेचं झाकण काढलं. नाही म्हणायला कारण लागतं, ते मला सापडलं नाही. दोनशे चाळीस निघाला तर त्यांना कसं सांभाळायचं, एवढाच विचार मी करत होते. दोनशे आठ निघाला तर काय, हे माझ्या मनातच आलं नाही. आठही चिप मी एकेक टोक उचलत सॉकेटमधून सैल केल्या आणि फेसाच्या तुकड्यात खोचून त्यांच्या हातात दिल्या.  या वयातही ते काम मला नीट जमतं.

एप्रिलच्या मध्याला शमानं बोलावलं. सात चिपमध्ये माझ्या रांगोळीचे तुकडे होते. आठवीत ते नव्हते. ती त्या शीतगृहाची. देवरेंनी सांगितलेल्या पत्त्यावर शमानं बोट ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "इथे 'नाही' आहे. अगदी स्पष्ट. दोनशे आठ."

तिनं पुढे सांगितलं, "शेवटच्या काही आठवड्यांत कुणी बदलला असेल तर तो यात दिसणार नाही. पण पहिल्या दिवसापासून दोनशे चाळीस होता, हे खोटं आहे. चार वर्षांतला जवळजवळ सगळा काळ इथे दोनशे आठ बसला होता."

देवरे खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. रेवती उभी होती ती पुढे गेली, खाली वाकली आणि तिनं त्यांचे पाय धरले. बावन्न वर्षांची बाई, कोर्टाच्या काळ्या कोटात.

"काका, मी तुम्हाला काय काय बोललेय."

"ऊठ गं. बोललीस ते बरं केलंस. कुणीतरी बोलायला हवं होतं."

"मी लहानपणापासून तुमचा द्वेष केला."

"बापासाठी केलास. ऊठ."

ती रडत होती, आणि रडताना माणूस स्वतःचं ओझं थोडं वाटून टाकायला बघतो. म्हणाली, "मी एकटीच नाही हो काका. आईसुद्धा हेच धरून चालली होती, की तुमचीच चूक म्हणून. तरी तिनं..."

मग तिच्या लक्षात आलं.

देवरेंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई?"

"हो," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. ती चालक नसलेली बस, आत फार शांतता असते. सिन्नर गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी सुटून आलो, दारात उभा राहिलो, तेव्हासुद्धा?"

"हो."

"आणि सोयरीक केलीत तेव्हा?"

"तेव्हासुद्धा."

"मला वाटलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात." ते म्हणाले, "रेवतीनं तोंडावर शिव्या दिल्या. शिव्यांना उत्तर देता येतं. मी तिला मनातल्या मनात किती वेळा उत्तरं दिली. तुम्ही चहा दिलात. चहाला मी काय उत्तर देणार होतो?"

"मी तुम्हाला माफ केलं होतं, देवरेसाहेब."

"कशाबद्दल?"

  नाशिकला उतरल्यावर त्यांनी माझी पिशवी रिक्षात ठेवून दिली, रिक्षाला पत्ता सांगितला आणि ते चालत गेले.

त्या रविवारी ते आले नाहीत. मुस्तफाभाई आले, त्यांनी मोकळ्या खुर्चीकडे बघितलं, एक टेपरेकॉर्डर उघडला आणि पुन्हा बंद केला. "साहब को मैं समझाऊँ?" त्यांनी विचारलं.

"काय समजावणार?"

त्यांनी मान हलवली. "हाँ, वो भी है."

पुढच्या रविवारी मी फोन केला. देवरेंनी उचलला. तब्येत विचारली, रेवतीची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणाले. सगळं व्यवस्थित बोलले. मग मी पुन्हा फोन केला नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उन्हात ठेवलेली खोकी मी खाली आणली. एक जास्त वेळ राहिल्यामुळे त्याच्यावर पांढरे पट्टे उमटले होते.

मी खूप वेळा विचार केला. त्यांना माफ करणं ही माझ्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट होती, आणि तिचं कारणच कधी घडलं नव्हतं. विश्वास ठेवला असता तर काही खर्च आला नसता. तो मी ठेवला नाही.

शीतगृहाचा मालक आणि मॅनेजर दोघंही ही चाचणी व्हायच्या कितीतरी आधी गेले होते, त्यामुळे कोर्टात उभं करायला कुणी नव्हतं. रेवतीनं तरी अर्ज केला आणि दोन वर्षं पाठपुरावा करून देवरेंच्या नावावरची शिक्षा रद्द करून घेतली. निकालाच्या दिवशी ती त्यांना जेवायला घेऊन गेली. मलाही बोलावलं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

डॉ. शमा अत्तार पुढे बंगळुरूला गेल्या. आता त्या माणसांच्या नसांमधली झीज वाचायचं काम करतात असं वर्तमानपत्रात वाचलं. माझ्या आठ चिपमधल्या तीन तडकल्या होत्या. उरलेल्या त्यांनी आठवणीनं पाकिटात घालून परत पाठवल्या. मी त्या बसवल्या नाहीत. भोकाचं यंत्र पुण्याच्या संस्थेत काचेत ठेवलं आहे.

मुस्तफाभाईंनी दुकान मुलाला दिलं. ते अजून अधूनमधून येतात. आम्ही कॅरम खेळतो. ते सोंगट्या ढापतात.

रेवतीनं पुण्याहून दर महिन्याला नाशिकला यायला सुरुवात केली. आधी देवरेंकडे जायची, मग माझ्याकडे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनंच करवून घेतलं. त्यांच्याकडून ती तारका वापरायला शिकली. प्रभाकरच्या गोष्टी तिला तेच सांगत. मला माहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टी मी तिच्याकडून ऐकल्या.

देवरे २०४१ साली, थंडीत गेले. रेवतीनं मला फोन केला. मी गेले. हॉलमध्ये बरीच माणसं होती, त्यांची भावंडं, पुतणे, कारखान्यातले कोणी म्हातारे. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. त्यांच्या पुतण्याची बायको पाणी घेऊन आली आणि शेजारणीला हळू आवाजात विचारलं, या कोण. शेजारीण म्हणाली, "त्या होय? त्या रेवतीताईंच्या आई."